मैदानातली पाळ

मुंबईच्या मोठ्या क्रिकेटच्या मैदानावर मी माळी होतो, आणि बाबा मला गावी न्यायला आले. अर्जुनी मोरगावकडून छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठी गाडी. फाटकातच सुरू झाले, "चाल घरी. तलावाची पाळ खचून राहिली अन् तू इथं गवत कापून राहिला!"

आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यांची पाळ म्हणजे मातीचा बांध राखला. मला ते नकोच होतं. नाही म्हणालो, भांडण झालं, मग गप्प बसावेत म्हणून त्यांना मैदान दाखवायला आत नेलं. चारी बाजूंनी वर चढत गेलेल्या रिकाम्या पायऱ्या ते बराच वेळ बघत राहिले. कौतुक करतील म्हटलं, तर कसलं काय! "एवढी मोठी पाळ, अन् आत थेंब नाई?"

दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस झोडपून गेला. मैदानाच्या कडेला घोटाभर पाणी साचलं, आणि सकाळी सामना होता. संध्याकाळपर्यंत पाणी हटलं नाही तर नोकरी गेली समज, असं साहेबानं मला सांगितलं. एरवी इंग्रजी झाडणाऱ्यानं हे हिंदीत सांगितलं, त्यामुळे शेजारी उभ्या बाबांनाही सगळं कळलं.

आम्ही चौघे माळी बादल्यांनी उपसत होतो. पाणी तसंच. बाबा धोतर खोचून उतरले, पायांनी चाचपत कडेनं गेले आणि एका जागी थांबले. पाणी कुठं अडलंय ती जागा त्यांना सापडली होती, हे तोंडावरच दिसलं. गप्प राहिले असते तर माझी नोकरी जाऊन मी आपसूक त्यांच्याबरोबर गाडीत बसलो असतो. आता हे कशाला बोलतात, असं मला वाटलं.

"रोलर फिरवून फिरवून पाळ करून ठेवली तुमी इथं," ते म्हणाले. "फोड."

आमच्याकडे पाळ फोडणाऱ्याच्या पंगतीत कुणी बसत नाही. फावडं मी मारलं, ते पाठ फिरवून उभे राहिले. तासाभरात पाणी नालीत उतरलं. नोकरी राहिली.

स्टेशनवर त्यांना गाडीत बसवताना मला राहवलं नाही, कारण विचारलंच. "बाबा, काऊन सांगितलं?"

"हाकललेला पोरगा घरी नेऊन काय करू? मनानं येशील तवा ये."

गाडी सुटल्यावर मी रडलो, लाज सोडून. पुढच्या उन्हाळ्यात जाईन म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. शेवटी गेलो तो त्यांच्या तेरवीला. पाळ तोवर शेजाऱ्यांनी बांधून घेतली होती.