आधी पाणी प्या

अजूनही कुठल्या दुकानात शिरले की मी क्षणभर नुसती उभी राहते. वाटतं, कुणीतरी म्हणेल, "या, आधी पाणी प्या." कुणी म्हणत नाही. "काय पाहिजे?" एवढंच विचारतात, तेही मोबाइलमधून डोकं वर न काढता.

लातूरच्या एका कापडदुकानातले अप्पा म्हणायचे. आमचं गाव जळकोटकडचं. वर्षातून एकदा आई मला घेऊन त्यांच्या दुकानी जायची. पांढऱ्या गादीवर टेकलं की अप्पा पाण्याचा तांब्या पुढं सारायचे. "आक्का, आधी पाणी प्या. कापड कुटं पळून चाललंय?" आईच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. तिला आक्का म्हणणारा तेवढा एकच माणूस होता. साड्या जवळच्या बाजारातही मिळायच्या. आई एवढी लांब जायची ती त्या हाकेसाठी, हे मला फार उशिरा कळलं.

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या एका दुष्काळात नांदेडला दिलेल्या माझ्या बहिणीला सातवा महिना लागला. ओटी भरायला हिरवी साडी हवी होती. नांदेड आम्हाला सरळ जवळ, पण आईनं उलटी वाट धरली. निघताना तिनं विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून किटलीत भरलं.

"लातुरात पानी न्हाई म्हनतेत," ती म्हणाली. "इतकी वर्सं अप्पानं आपल्याला पाजलं. आपल्या हिरीच्या तळाला हाय अजून थोडं."

एसटीत किटली तिच्या मांडीवर. माझा घसा कोरडा पडला तरी घोटभर दिलं नाही. मला तिचा असा राग आला म्हणता!

दुकानात गादी गेली होती, काचेचं काउंटर आलं होतं. जिल्हा झाला, साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणावेत, तर ते काही संपत नव्हते. अप्पा एका साहेबाच्या बाईपुढं साड्यांवर साड्या उलगडत होते. आम्ही उभ्याच. आई मधूनमधून हसून बघायची, अप्पांचं लक्ष जाईल म्हणून. बऱ्याच वेळानं तिनं किटली हळूच काउंटरवर ठेवली.

अप्पांनी मान वर न करता हात झटकला. "ताक न्हाई पायजे आज. फुडं जा बाई. गिऱ्हाइकाला जागा द्या."

मी तोंड उघडलं, तर आईनं माझं मनगट दाबलं. किटली उचलून ती पायऱ्या उतरली.

"सांगायचं ना त्यांना कोण आहेस ते!" मी रस्त्यात ओरडले.

"कामात हायेत ते," आई म्हणाली. एरवी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणारी ती, पण तिनं शेजारच्या दुकानातून पाच मिनिटांत साडी घेतली, भावसुद्धा केला नाही.

नांदेडला गोदावरी, तिथं पाण्याला काय तोटा! पण बहिणीनं किटलीचं झाकण काढलं, वास घेतला आणि उंबऱ्यातच बसली. "आपल्या हिरीचं हाय गं?" म्हणत तिनं किटलीच तोंडाला लावली. पीत होती आणि रडत होती. लग्नानंतर ती गावाला एकदाच आली होती.

मग तिनं साडी गालाला लावली. "अप्पाच्या दुकानची ना? वळखलं का त्यांनी तुला?"

मी आईकडं बघितलं. ती पदरानं झाकण पुसत होती.

"न वळखायला काय झालं?" आई म्हणाली. "गेल्या गेल्या म्हनले, आक्का, आधी पानी प्या."

बहीण हसली. त्यानंतर आम्ही लातूरला साडी घ्यायला कधी गेलो नाही, आणि आईला कुणी आक्का म्हटल्याचंही मी पुन्हा ऐकलं नाही.