दोन जीबीच्या मावशी

‘गुरुजी, गळतंय का बघा वं.’

असं म्हणून त्या पदराला हात पुसायच्या आणि फोन माझ्यापुढं धरायच्या. गळतंय म्हणजे नेट. आमच्या धाराशिवकडच्या वाशीत नळाला पाणी कधी आठ-आठ दिवसांनी येतं. घागर पाझरत असली की बायका जशा बोट फिरवून चीर शोधतात, तशा त्या फोन तपासायच्या. व्हिडिओ कॉल संपला की नेट बंद. मग पुन्हा उघडून ते बंदच आहे याची खात्री. मगच फोन पिशवीत.

मी शिकवतो त्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या आणि राहायच्या आमच्या घरासमोरच. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची, मीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक नागपूरला नर्सिंग शिकत होती. तो जुना स्मार्टफोन तिनंच दिलेला. महिन्याला दोन जीबीचा पॅक, आणि त्यात आठवड्यातून दोनदा लेकीचं तोंड बघायचं. बाकी कशालाही त्यातलं काही मिळायचं नाही.

एकदा त्या तणतणत आल्या. ‘ही फुलं कोन धाडतंय? एकेका फुलामागं माजं नेट चाललंय!’ बघितलं तर तेरखेड्याचा भाऊ रोज सकाळी शुभेच्छांचे फोटो पाठवत होता आणि ते आपोआप उतरत होते. मी ते बंद करून दिलं. तरी त्यांनी भावाला फोन लावलाच. ‘दादा, फुलं धाडू नगंस. खुशाल हायस एवढं सांग, बास.’ भाऊ चार दिवस रुसला होता म्हणे.

अपडेट या प्रकारावर त्यांचा विशेष राग. ‘परवाच केलं की! आन् आता परत? दर आठवड्याला घर कोन सारवतंय?’ मी आपोआप होणारे अपडेटही बंद केले. त्यांना शिकवताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? आपणही कुणाच्या तरी उपयोगी पडतो, असं वाटून मी जरा ताठच चालायचो. तुम्हीही असं कुणाला शिकवलं असेल, तर तो ताठपणा तुम्हाला माहीत असेल.

एके दिवशी संध्याकाळी त्या आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपनं काम थांबवलं होतं. फोनची सगळी यंत्रणाच जुनी झाली, आधी ती अपडेट करा, असं ते सांगत होतं. अपडेट एक जीबीच्या वरचं, आणि महिन्याच्या पॅकमध्ये उरलेलं त्याच्या निम्मंही नाही.

‘हे वायफायवर करावं लागतं, मावशी,’ मी म्हणालो.

‘तुमच्याकडं बसवलंय म्हनं की. शुक्करवारी पोरीची शपथ हाय, गुरुजी. पांढरे कपडे घालून, हातात दिवा धरून घेत्यात म्हनं. मला काय जाता येत न्हाय. दुसरी बाई आजारी हाय, पोरांचं जेवन कोन करंल? फोनात तरी बघीन म्हनलं.’

वायफाय बसवून आठवडाही झाला नव्हता. बायकोला मी बजावून ठेवलं होतं की गल्लीत बोलू नकोस, नाहीतर आपल्या ओट्यावर जत्रा भरेल. तेच डोक्यात होतं. विचार करायला मला क्षणभरही लागला नाही.

‘अजून सुरू नाही झालं, मावशी. माणूस यायचाय.’

आत बायको त्याच वायफायवर मालिका बघत होती. तिनं आवाज कमी केला.

‘बरं बरं. व्हईल की,’ म्हणत त्या पायऱ्या उतरल्या.

शुक्रवारी मी प्रशिक्षणासाठी धाराशिवला होतो. जाताना मला शपथेची आठवण झाली होती, आणि मी एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसलो होतो. शनिवारी शाळेत त्यांनीच सांगितलं. वरच्या डाटाचं रिचार्ज मारून त्यांनी स्वतः अपडेट लावलं होतं. अर्ध्याच्या पुढं जाऊन डाटा संपला. मग शुक्रवारी ऐन जेवणाच्या सुट्टीत लेकीनं साधा फोन लावला आणि एका हातात दिवा घेऊन दुसऱ्या हातानं तो वर धरला. मावशींनी एका कानाशी फोन दाबून दुसऱ्या हातानं पोरांना वाढलं.

‘आयकलं की समदं. पन सगळ्या पोरी एकदमच बोलत हुत्या, गुरुजी. आमची कोनची, ते काय कळंना.’

हे त्या हसत म्हणाल्या. मी हातातल्या हजेरीत बघत राहिलो.

त्याच संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर बोलावलं आणि वायफायची यादी उघडली. पहिलंच नाव आमचं होतं. हौसेनं मी पाटीवरचं घराचं नाव तसंच इंग्रजीत दिलं होतं. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण ती पाटी त्यांच्या दारातून रोज दिसायची.

‘हे तुमच्या पाटीवरचंच न्हवं?’ त्यांनी बोट ठेवलं. ‘त्या दिशीबी मी हुडकत बसले तवा दिसत हुतं. म्हनलं, नाव आलंय, नेट यायचं आसंल.’

त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की मला सुटायला वाट करून देत होत्या, हे मला आजही ठरवता येत नाही.

‘हो,’ मी म्हणालो. ‘कालच सुरू झालं.’

हे दुसरं खोटं. पहिलं घाईत सुटलं होतं. हे मी पूर्ण शुद्धीवर बोललो.

अर्ध्या तासात अपडेट झालं. तेवढा वेळ त्या ओट्याच्या कडेला बसून होत्या, बायकोनं बोलावलं तरी आत आल्या नाहीत. फोन पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

‘आता तुमचं काढून टाका ह्यातनं. मला न कळता चालू ऱ्हायचं, आन् तुमचं गळायचं.’

‘राहू द्या, मावशी. आमचं संपत नाही.’

‘संपत न्हाय?’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फोन घेऊन घरी गेल्या. त्यानंतर नेट तपासायला त्या माझ्याकडं आल्या नाहीत. बोलायच्या पहिल्यासारख्याच, पण फोनचं म्हणून काही विचारलं नाही.

वर्षभरात लेकीला नागपुरातच नोकरी लागली आणि ती आईला घेऊन गेली. निघताना मावशी पाया पडायला वाकल्या. मी मागं सरकलो. ‘चुकलंमाकलं आसंल तर माफी करा, गुरुजी,’ त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून ‘छे छे’ एवढंच आलं. खरं तर माफी मला मागायची होती, आणि रिक्षा सुरू होईपर्यंत वेळही होता.

गेल्या महिन्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नवी खोली दाखवली, खिडकी दाखवली, खिडकीतून दिसणारं कडुनिंबाचं झाड दाखवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. फोन तसाच ओट्यावर उताणा ठेवून त्या वळल्या. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि मंद फिरणारा पंखा. आवाज मात्र स्वच्छ येत होता. त्या लेकीला सांगत होत्या, ‘हेच आपले गुरुजी. हेंच्यामुळं तुजं तोंड दिसत हुतं मला तिकडं.’

‘नमस्कार, गुरुजी,’ लेक म्हणाली.

मी नमस्कार म्हणालो. तो मलाच ऐकू आला नाही. पंखा फिरत होता. मला कॉल तोडता येईना.