चौकटीतली आत्या

माझ्या आत्याला अख्खं राज्य ओळखत होतं आणि तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. महामारीच्या दिवसांत रोज संध्याकाळी आरोग्यमंत्री टीव्हीवर यायचे तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची. त्या चौकटीत काळा सदरा घालून मंत्र्यांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगणारी बाई म्हणजे माझी आत्या. लोक तिला 'चौकटीतल्या बाई' म्हणायचे. ती नाकातोंडावर मास्क बांधून दुकानात गेली तरी दुकानदार ओळखायचा, कारण साबणाचा भाव विचारतानासुद्धा तिचे हात गप्प बसत नाहीत.

हे हात तिला माझ्या बाबांमुळे मिळाले. बाबा तिचे थोरले भाऊ, त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आत्या आधी हातांनी बोलायला शिकली, मग तोंडाने, आणि त्यानंतर दोन्ही एकदम जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. फोनवर बोलताना ती फोन खांद्यात दाबून धरते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. समोरच्याला दिसत नाही हे तिला सांगून उपयोग नाही, मी सांगून पाहिलंय. "त्याला नाही दिसत, मला तर कळतं मी काय बोलतेय," असं म्हणते.

त्या कामापायी तिने बांगड्या सोडल्या, अंगठ्या सोडल्या, नखं वाढवणं सोडलं. खुणांच्या भाषेत चेहराही बोलतो, म्हणून तिला मास्क चालायचा नाही. तिला एका काचेमागे एकटीला बसवायचे. घरी आली की कोमट पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसायची आणि मंत्र्यांचा उद्धार करायची. तोही राजकारणासाठी नाही, क्रियापदासाठी. "मेल्याच्या वाक्याला क्रियापदच नसतं गं," ती म्हणायची. "म्हणतो, राज्यात खाटा कमी पडू देणार... आणि पाणी प्यायला थांबतो. आता माझे हात हवेत. देणार की नाही देणार, ते मी काय त्याच्या मिशांना विचारू?" आम्ही हसून लोळायचो आणि ती आणखी चिडायची.

बाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. विरोधी पक्ष म्हणायचा, सरकार मृतांचे आकडे लपवतंय, ऑक्सिजन नाही, खाटा फक्त कागदावर आहेत. सरकार म्हणायचं, हे लोक मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातायत. संध्याकाळी मंत्र्यांनी बोलायचं आणि रात्रीपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर त्याची चिरफाड व्हायची. आमच्या गावातल्या क्रीडा संकुलात एक मोठं उपचार केंद्र उभं राहणार होतं. ते उद्यापासून सुरू होणार होतं. काल म्हणाले तेव्हाही उद्या, परवा म्हणाले तेव्हाही उद्या. आत्याने त्या एका 'उद्या'साठी इतक्या वेळा हात पुढे टाकला होता की मला वाटतं हातालाच त्याचा वीट आला असावा.

आणि नेमकी त्याच दिवसांत माझी आई आजारी पडली. ताप आधीपासून होता, मग तिला धाप लागायला लागली. दोन वाक्यांच्या मध्ये थांबायला लागली, आणि माझी आई कधी थांबून बोललेली मी पाहिली नव्हती. आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "इथल्या दवाखान्यात जागा नाही. शेजारच्या जिल्ह्यातलं मोठं हॉस्पिटल आहे, पण तिथवर नेऊन जागा नाही मिळाली तर वाटेत हाल होतील. उद्या केंद्र उघडतंय, ऑक्सिजनची सोय आहे. उद्या सकाळी तिथेच न्या." माणूस चांगला होता. त्यालाही टीव्हीवरूनच कळलं होतं.

मी आईला उशीला टेकवून बसवलं होतं. बाबा टीव्हीसमोर होते, रोजच्यासारखे, अर्धे बातमीसाठी आणि अर्धे बहीण जेवली की नाही ते तिच्या चेहऱ्यावर बघायला. मंत्री म्हणाले, "क्रीडा संकुलातलं केंद्र उद्यापासून..." आणि पाण्याचा पेला उचलला. कोपऱ्यातल्या चौकटीत आत्याचे हात हवेत थांबले. मग तिने उजव्या हाताची दोन बोटं वरच्या ओठावरून मिशी पिळल्यासारखी फिरवली आणि हात खांद्यावरून मागे टाकला.

ही खूण कुठल्याही पुस्तकात नाही. ती आमच्या घरातली आहे. माझे आजोबा बोलण्यात मोठे दिलदार. सायकल आणतो, सहलीला नेतो, छप्पर दुरुस्त करतो, सगळं उद्या. 'उद्या' म्हणताना मिशी पिळायची त्यांना सवय होती. लहानग्या बाबांना 'उद्या' ऐकू यायचा नाही, नुसती मिशी दिसायची, आणि मागून काहीच यायचं नाही. म्हणून मिशी पिळणं म्हणजे 'हे होणार नाही' असाच अर्थ त्या पोराने लावला. पुढे आत्याने त्यात हात मागे टाकण्याची भर घातली, कारण खरा उद्या पुढे जातो आणि आजोबांचा मागे. जगात ही खूण कळणारी माणसं दोनच, बाबा आणि आत्या. मला कळते ती चोरून शिकले म्हणून.

बाबा ताडकन उठले. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त 'आत्ता' अशी खूण केली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. मी म्हटलं, डॉक्टरांनी उद्या सांगितलंय. त्यांनी माझे हात धरून खाली केले. आमच्यात हे म्हणजे तोंडावर हात ठेवण्यासारखंच आहे, बाबांनी ते आधी कधीच केलं नव्हतं. आईला मागच्या सीटवर घातलं आणि आम्ही शेजारच्या जिल्ह्यात निघालो. तिथे व्हरांड्यात का होईना, खाट मिळाली आणि नळी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सकाळची वाट बघितली असतीत तर फार उशीर झाला असता. क्रीडा संकुलातलं केंद्र पुढे पुष्कळ दिवसांनी उघडलं, तेव्हा तिथे फीत होती, हार होते, ऑक्सिजन नव्हता.

इकडे आत्याच्या त्या खुणेचं जे व्हायचं ते झालं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून सगळीकडे पाठवला. मंत्र्यांना खरोखरच मिशी होती, भरघोस आणि त्यांची लाडकी. सत्ताधारी म्हणाले, सरकारी पगार खाऊन बाई मंत्र्यांच्या मिशीची टिंगल करते. विरोधक म्हणाले, एका बाईने अख्ख्या सरकारचा बुरखा फाडला. तिला सत्कारासाठी फोन आले, शिव्यांसाठीही आले, आणि कधीकधी कुठला कशासाठी आहे तेच कळेना. राईचा पर्वत म्हणतात तो मी वाढताना पाहिला. चौकशी समिती बसली, आत्याला चौकटीतून उठवलं.

तिचे साहेब स्वभावाने मऊ. ते घरी येऊन म्हणाले, "बाई, ओठावर माशी बसली होती म्हणा. तेवढं लिहून द्या, विषय मिटेल, उद्यापासून कामावर या." आत्याने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "साहेब, माशी उडवायला कुणी मिशी पिळत नाही."

ती बाहेर अशी ताठ होती, पण आत पार खचली होती, आणि ते नोकरीसाठी नव्हतं. माझ्याजवळ बसून एकच घोकायची. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तेवढी एक मीच होते गं. त्यांना सरळ शब्द मिळायला हवा होता. मी 'ध'चा 'मा' केला. त्या खुणेने कुणी गोंधळलं असेल, कुणाचं बरंवाईट झालं असेल, तर मी कुठे फेडू?" जेवण तुटलं तिचं. हात मांडीवर ठेवून बसायची, आणि आत्याचे हात तिथे तसेच स्वस्थ पडून राहायचे.

मी बाबांना म्हटलं, तिला सांगून टाका आईचं. आम्ही आईला त्या हॉस्पिटलात नेलं हे आत्याला माहीत होतं, पण कशामुळे नेलं ते माहीत नव्हतं. बाबांनी मान हलवली. ते म्हणाले, तिची साक्ष व्हायच्या आधी तिला कळलं तर ती समितीपुढे जाऊन अभिमानाने सांगेल की होय, मी भावाला निरोप दिला, आणि मग तिला कुणी वाचवू शकणार नाही. भावाबहिणींच्या या भानगडीत मी पडायला नको होतं, म्हणून तोंड शिवून बसले. पण बाबांचा राग आला होता मला.

समितीचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. आत्याची चौकट गेली ती गेलीच. आता ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते आणि तिथल्या मुख्याध्यापकांच्या क्रियापदांवर चिडते.

पण त्या दिवशीचं सांगायलाच हवं. सरकारी कचेरीतला मोठा हॉल, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, माईकला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, त्यांचा मास्क सारखा नाकावरून घसरायचा. आत्याने सांगितलं, माशी नव्हती, टिंगल नव्हती, घरातली खूण होती, चुकून हातून गेली. अर्थही सांगितला. अध्यक्ष म्हणाले, "हे तुम्ही म्हणताय. ती खूण जाणणारं दुसरं कुणी आहे का?" दुसरं कोण असणार? बाबांना बोलावलं.

आता बाबांचं बोलणं समितीला सांगणार कोण? राज्याचे दुसरे दुभाषी तापाने पडले होते. मी हात वर केला तर माझ्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणाले. नियम उघडून बघितला. दुभाषी नातेवाईक नसावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, प्रमाणपत्र हवं एवढंच लिहिलं होतं. आणि प्रमाणपत्र असलेली हॉलमध्ये एकच व्यक्ती होती, जिची चौकशी चालली होती ती. "चित्रीकरण होतंच आहे," अध्यक्ष हताशपणे म्हणाले, "नंतर तपासून घेऊ."

बाबा समोर बसले. आईने मधोमध प्लास्टिकची खिडकी शिवून दिलेला मास्क त्यांनी लावला होता, ओठ दिसावेत म्हणून. आत्या माईकजवळ उभी राहिली. बाबांचे हात हलले आणि तिने आवाज लावला, "मी एक सुतार आहे. ही माझी धाकटी बहीण."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "मी म्हणजे कोण? तुम्ही की ते?"

"ते," आत्या म्हणाली. "दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. बोलणारा जे म्हणेल ते तसंच म्हणायचं. आता इथे मी नाहीच."

मग बाबा सांगत गेले आणि ती त्यांच्या हातांवर डोळे लावून बोलत गेली. मिशीचं सांगितलं, सायकलीचं सांगितलं. हॉलमध्ये एकदोघं हसले. तिचा आवाज कामाचा होता, स्वच्छ, एका पट्टीतला. "त्या संध्याकाळी माझी बायको आजारी होती. तिला धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, उद्या केंद्र उघडेल, तिथे न्या. मी थांबणार होतो. तेवढ्यात टीव्हीवर माझ्या बहिणीने सांगितलं की हा उद्या आमच्या वडिलांचा आहे. मी थांबलो नाही. बायकोला गाडीत घातलं आणि..."

तिथे आवाज तुटला. जे बोलून झालं होतं ते तिला आत्ता ऐकू आलं असावं. बाबा थांबले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा केलं, सावकाश, नव्याने शिकणाऱ्यासाठी करावं तसं.

"...म्हणून माझी बायको घरी आहे," आत्या म्हणाली. "जिवंत आहे."

तिच्या डोळ्यांना धार लागली. हात आपोआप वर आले आणि तिने बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंस? माईकमध्ये त्यातलं काही गेलं नाही. बाबांनी तिला उत्तर दिलं.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता फार हळू होता, "इथे बोललेलं सगळं नोंदीत यायला हवं. ते काय म्हणाले?"

आत्याने सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं. ताठ उभी राहिली, माईकजवळ तोंड नेलं आणि आपल्या भावाचा शब्द न् शब्द सांगितला.

"रडू नकोस, वेडे. या लोकांना वाटेल मी तुला ओरडलो."