डिपमधले झिंगे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही, म्हणून असेल.

लेकीला नोकरी लागली तेव्हा तिरोड्याच्या घरी आम्ही पार्टी केली. काय मजा आली होती – गच्चीवर लेकीच्या मैत्रिणी नाचत होत्या, आणि एरवी खुर्ची न सोडणारा माझा नवराही नाचला. लेकीची फर्माईश होती कोळंबीच्या डिपची. मी नागपूरहून समुद्राची कोळंबी मागवली आणि आठवडाभर सगळ्यांना ते ऐकवलं.

मी स्वयंपाकात कच्ची नाही. पण आमचा हात तलावाच्या झिंग्यांवर, गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवर, बसलेला – रस्सा चांगला रटरटू द्यायचा. कोळंबीही तशीच रटरटू दिली. तिचं रबर झालं. पाहुणे यायला तासभर उरलेला – काय करणार होते मी?

माळ्यावर एक डबा होता. अर्जुनीकडे माझं माहेर, तिथे शेताला लागून बोडी आहे – पावसाचं पाणी साठवायचं तळं. वहिनी त्यातले झिंगे स्वतः निवडते, उन्हात वाळवते आणि दरवर्षी मला डबाभर पाठवते. मी तिला एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "वहिनी, हे नका पाठवत जाऊ, शहरातल्या घरात वास मारतो." ती हसली होती. तरीही डबा येतच राहिला.

खिडक्या उघडल्या, झिंगे तव्यावर खरपूस भाजले, जाडसर कुटले. चक्का, साय, लसूण, मिरपूड – सगळं एकत्र घोटलं. बोट लावून चाखलं आणि एकटीच हसले. इतकं चांगलं मी कधी केलं नव्हतं.

तांदळाच्या पापडांबरोबर वाडगा बघता बघता साफ झाला. वहिनीही आली होती. तिनं एक घास खाल्ला आणि चेहरा उजळला तिचा. सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, हे तं आपल्या बोडीतल्या झिंग्यावानी लागून राहिलं."

आता – इथेच. हो म्हणायला काय लागत होतं?

"छे हो वहिनी," मी म्हटलं, "समुद्राची कोळंबी आहे. बोडीतल्याला ही चव कुठली?"

सगळे हसले. वहिनीही हसली. "मले कायचं समजते जी," म्हणाली, आणि पापड खाली ठेवला.

मी मात्र तारीफ घेत फिरले. खोटं कशाला बोलू – मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. अजूनही तो दिवस आठवला की आधी हसूच येतं.

पुढच्या वर्षी डबा आला नाही. मी फोन केला.

"यंदा वाळवलेच नाही, ताई," वहिनी म्हणाली. "कायले वाळवू? तुमच्या इथं तं समुद्राचे येतात."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. फोन हातात होता, आसपास कुणी नव्हतं. मी "बरं" म्हटलं आणि धानाचं कसं काय ते विचारलं.

वहिनीनं चव बरोबर ओळखली होती. पहिल्याच घासाला.