परब काका आणि सर्टिफिकेटवाली बोट

"वर्षाताई, बाबांना बोट चालवायला देत नाहीयेत."

दुपारी दोनला प्राजक्ताचा फोन. ती आणि तिचे बाबा हिंदी महासागरातल्या एका बेटावर, आणि मी घाटकोपरच्या ऑफिसात, अर्धा डबा खाऊन झालेला. मी विचारलं, "देत नाहीयेत म्हणजे? वारा नाही की बोट मोडलीय?"

"वारा झकास आहे. बोट समोर वाळूवर पडलीय. रिसॉर्टवाले सेलिंगचं सर्टिफिकेट मागतायत. नसेल तर म्हणे इन्स्ट्रक्टर चालवेल, तुम्ही नुसते बसा."

माझं डोकंच फिरलं. कारण ही अख्खी ट्रिप त्या एका गोष्टीसाठी होती.

तिचे बाबा, म्हणजे परब काका, नाहूरला राहतात. मूळचे मालवणकडचे. आयुष्यभर एका सेलिंग क्लबात बोटमन होते. बोटमनने मेंबर यायच्या आधी बोट धुवायची, शीड चढवायचं, दोऱ्या लावायच्या, बोट पाण्यात ढकलायची. मेंबर उलटला तर जाऊन सरळ करायची, तीही त्यानेच. नव्या मेंबरांना निम्मं सेलिंग काकांनीच शिकवलं. पण स्वतःच्या मौजेसाठी, मनाला येईल तिकडे, एकदाही बोट नेली नाही. स्टाफला परवानगी नव्हती. आता दोन्ही गुडघे बदलायचे होते. त्यानंतर बोटीत गुडघे दुमडून बसणं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हणून प्राजक्ता आमच्या ट्रॅव्हल कंपनीत आली होती. "एक आठवडा, छोटी कॅटामरान, सुकाणू बाबांच्या हातात. रूम कशीही चालेल."

छोटी कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी, मधे ताणलेली जाळी, वर शीड, मागे सुकाणू. आपण त्या जाळीवरच बसायचं. इंजिन नाही. यासाठी रिसॉर्ट निवडणं हनिमूनसारखं नसतं. हनिमूनवाल्यांना बेटाची शांत बाजू विकतात. सेलिंगवाल्याला तिथे शीड लोंबकळत ठेवून बसावं लागतं. त्याला वाऱ्याची बाजू हवी, पण लाटा बाहेरच्या खडकांवर फुटून आत पाणी सपाट हवं. ओहोटीला तळ लागू नये इतकं खोलही. हे सगळं मी तपासलं. वाऱ्याचे महिने बघितले, भरती-ओहोटी बघितली. स्वतःवर खूश होते मी.

आणि सर्टिफिकेटचं? ते विचारलंच नाही. कारण ते रिसॉर्ट मी "बघितलेलं" होतं.

आमच्या धंद्यात फॅम ट्रिप असते. रिसॉर्ट एजंटांना फुकट बोलावतं, खाऊ-पिऊ घालतं, आणि परत येऊन आपण ते विकायचं. आम्ही बाराजणी गेलो होतो. बीचवर वॉटरस्पोर्ट्सचा माणूस म्हणाला, चला, एक राउंड मारू. कोणी गेलं नाही. संध्याकाळी गाला डिनर होता, सगळ्यांचे केस सेट केलेले. आम्ही जाळीवर बसून फोटो काढले, बोट वाळूवरच, आणि पळालो. परत येऊन फॉर्मवर वॉटरस्पोर्ट्ससमोर मी "एक्सलंट" लिहिलं. पाय सुद्धा ओला केला नव्हता. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही त्याला.

मी तिथल्या मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, हा माणूस तुमच्या इन्स्ट्रक्टरच्या जन्माआधीपासून बोटी लावतोय. पाण्यात सोडा, पाच मिनिटं बघा, मग ठरवा. तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, सेफ्टी पॉलिसी. सर्टिफिकेट पाठवा, लगेच बोट देतो."

मग क्लबला फोन. सेक्रेटरींना सगळं सांगितलं. "परब? हो हो, ग्रेट माणूस," ते म्हणाले. "माझं पहिलं सेलिंग त्यांच्याबरोबरच."

"मग दोन ओळी लिहून द्या ना सर. की यांना बोट चालवता येते."

"तसं नाही देता येत. सर्टिफिकेट मेंबर्ससाठी असतं. ते स्टाफ होते."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने शिकवलं त्याच्याकडे कागद नाही, आणि जे शिकले त्यांच्या घरी तो फ्रेम करून लावलेला. मी म्हटलं, "सर, तुम्ही उलटलात तेव्हा काढायला कोण आलं होतं?" त्यांनी फोन ठेवला.

शेजारच्या बेटावर एक साधं रिसॉर्ट सापडलं. तिथला माणूस फोनवर म्हणाला, समोर एक फेरी मारून दाखवा, जमलं तर बोट तुमची. हाच नियम मला हवा होता. पण त्या आठवड्यात त्यांच्याकडे एकही रूम रिकामी नव्हती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुम्ही बोला मॅनेजरशी. तुमचं ऐकेल तो."

"त्यांची पॉलिसी आहे, आपण काय करणार? आणि आवाज कमी कर. पुढच्या महिन्यात आपली तिथे परत फॅम आहे, संबंध खराब करू नको."

"त्या माणसाचा हा शेवटचा चान्स आहे सर."

"वर्षा, बीच आहे, बुफे आहे. एन्जॉय करतील गं ते."

नाही बोलले ते मॅनेजरशी शेवटपर्यंत.

आठवड्याने परब काका ऑफिसात आले. लिफ्ट बंद होती. त्या गुडघ्यांनी दोन जिने चढले, हातात एअरपोर्टवरच्या चॉकलेटचा डबा. मी शिव्या खायच्या तयारीने उभी राहिले.

"बरा होता गो," ते म्हणाले. "पाणी काय निळा!"

"काका, बोट?"

"तो इन्स्ट्रक्टर होता ना, बोट वळवताना पुढच्या शिडाची दोरी फार लवकर सोडायचा. बोट जागच्या जागी अडकायची. त्याला दाखवलं मी. शेवटच्या दिवशी मस्त चालवली त्याने."

"आणि तुम्ही?"

"मी पुढे बसलेलो. दोऱ्या बघत."

सात दिवस. स्वतःच्या लेकीने दिलेल्या सुट्टीत ते परत बोटमनच झाले, आणि वर मला चॉकलेट आणलं. चिडले असते तर सोपं गेलं असतं मला. तेवढ्यात साहेब बाहेर आले. "काय काका, मजा आली ना? रिव्ह्यू टाका जरा आमचा." काकांनी बिचाऱ्यांनी चष्मा शोधत फोन पुढे केला. मी तो साहेबांच्या हातात जाऊ दिला नाही. त्यावरून आमचं सगळ्यांसमोर वाजलं. त्या वर्षी माझं प्रमोशन झालं नाही, ते गेलं खड्ड्यात.

आता फॅम ट्रिपला मी केस सेट करत नाही. बोटीत बसते, भिजते. आणि रिसॉर्टला सगळ्यात आधी विचारते, माणसाला येतंय पण कागद नाही, तर बोट देणार का? बहुतेक जण नाही म्हणतात. ते मी क्लायंटला तसंच्या तसं सांगते. साहेब म्हणतात, तू धंदा घालवतेस. विचारायला एक मिनिट लागतं. परब काकांच्या वेळी ते मिनिट मी फोटो काढण्यात घालवलं होतं.