साहेबांच्या रेकॉर्डला कुंकू

आमच्या घरी एका दसऱ्याला एका जपानी गायिकेची यथासांग पूजा झाली, आणि ती मी स्वतः केली.

वर्ल्ड कपला वर्षभर उरलं होतं. दोहातला एकही रस्ता सकाळी होता तिथे संध्याकाळी सापडत नसे. स्टेडियमं पुरी होत आली होती आणि जसजशी ती पुरी होत होती तसतशी माणसं परत पाठवली जात होती. त्यामुळे दोन मराठी माणसं भेटली की तब्येत विचारायच्या आधी विचारत, "तुमचं कधीपर्यंत?" मी एसीच्या डक्टिंगचा इंजिनिअर. माझं कधीपर्यंत, हे फक्त मोरितासाहेबांना ठाऊक होतं. ते जपानी, अबोल, आणि आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. इकडे मुलगी ईशा दहावीत. मधेच गाशा गुंडाळून पुण्याला जायचं म्हणजे तिचं वर्ष गेलंच!

अशा दिवसांत एकदा लिफ्टमध्ये साहेब काहीतरी गुणगुणत होते.

"सुरेख चाल आहे, सर," मी म्हणालो. (साहेब शिंकले असते तरी मी हेच म्हणालो असतो.)

साहेब एकदम खुलले. म्हणाले, ही टोकियोतल्या एका छोट्या बँडची रेकॉर्ड. साठ वर्षांपूर्वीच्या इटालियन सिनेमाचं संगीत असावं अशी केलेली. फक्त तो सिनेमा कधी निघालाच नाही! गाणी आहेत, सिनेमा नाही.

"तुम्हाला जुने इटालियन सिनेमे आवडतात?"

"सर," मी छातीवर हात ठेवला, "श्वास आहे तो माझा."

इटलीशी माझा संबंध म्हणजे आमची वृंदा गोडा मसाला घालून करते तो पास्ता. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून ती रेकॉर्ड माझ्या हवाली केली. कव्हरवर काळापांढरा फोटो. पांढऱ्या झग्यातली, काळ्या गॉगलची बाई स्कूटरला टेकून, फोटोत नसलेल्या कोणाकडे तरी बघतेय. हीच ती गायिका. खाली तिची सही.

"अशी सही केलेली पुन्हा मिळणार नाही," साहेब म्हणाले. "रविवारी आणा. तुमच्याकडे प्लेअर आहे ना?"

"वडिलांचा आहे, सर!" (होता. साताऱ्याला. त्यावर आई पापड वाळवायची.)

शुक्रवारी दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला, ज्यावर पोट चालतं त्या सगळ्याची पूजा. पाटावर माझा लॅपटॉप, साइटवरचं हेल्मेट, गाडीची किल्ली, वृंदाचा मिक्सर, ईशाचा कॅल्क्युलेटर. मी सोवळं नेसून बसलो आणि माझी नजर कपाटावरच्या रेकॉर्डवर गेली. सध्या आपलं पोट सगळ्यांत जास्त कशावर चालतंय?

"अहो, ती दुसऱ्याची वस्तू आहे," वृंदा म्हणाली.

"म्हणून तर! साहेबांना चांगली बुद्धी होईल."

वरच्या प्लास्टिकच्या पिशवीवर कुंकू बसेना, म्हणून मी कव्हर बाहेर काढलं. ओली हळद लावली, ओलं कुंकू लावलं. कुठे? समोर बाई, बाईला कपाळ. हात सवयीने तिथेच गेला! अक्षता टाकल्या आणि शेवटी झेंडूचं फूल पाण्यात बुडवून सगळ्यांवर शिंपडलं. लॅपटॉपवर जरा बेतानेच, पण बाईच्या वाट्याला चांगलंच आलं.

कुंकू कपाळावरून निघालं, गॉगलखालून गालावर आलं आणि पांढऱ्या झग्यावर पसरलं. न निघालेला सिनेमा आतापर्यंत प्रेमकथा होता, तो खुनाचा झाला.

ईशाने बघितलं. "बाबा! व्हॉट हॅव यू डन! दॅट्स अ साइन्ड कॉपी!"

"ओरडू नकोस. निघेल ते."

"कुंकू खोबरेल तेलाने निघतं," वृंदा म्हणाली. ते खरं आहे, पण कपाळावरचं. कव्हरवरचं कुंकू नुसतं सरकलं आणि झगा गुलाबी झाला. शिवाय तेल मुरून कव्हर वडापावाच्या कागदासारखं पारदर्शक झालं. तेल शोषायला मी टाल्कम पावडर थापली. बाई गोरी झाली, पण अंधूक. मग ईशा म्हणाली, वर कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवा. रेकॉर्ड बाजूला काढून फिरवली. तेल निघालं नाही, सही निघाली. त्या कोऱ्या कागदावर ती स्वच्छ उमटली होती. उलटी!

तेवढ्यात फोन वाजला.

"मी तुमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातच आहे," मोरितासाहेब म्हणाले. "वाटलं, जुन्या प्लेअरची सुई खराब असेल. म्हणून माझा प्लेअरच घेऊन आलोय. तुमच्या बिल्डिंगखाली उभा आहे."

"या ना, सर! यायलाच हवं!" असं म्हणून मी सोफ्यावर बसलो.

"आता?" मी वृंदाला विचारलं.

"आता काय, श्रीखंड काढते," ती म्हणाली.

साहेब आले. बूट काढले, प्लेअर ठेवला, पाटाकडे वळले. तिथे हेल्मेट आणि मिक्सर यांच्यामध्ये ती पावडर लावलेली बाई वाकून उभी होती. (इस्त्रीने कव्हरला बाक आला होता.) साहेब वाकून बघू लागले.

"सर," मी म्हणालो, "ज्यावर पोट चालतं, आज त्याची पूजा करतात."

साहेबांनी लॅपटॉप बघितला, मिक्सर बघितला. "माझ्या रेकॉर्डवर तुमचं पोट कसं चालतं?"

मी पाटावरचं हेल्मेट सरळ केलं. वृंदाने श्रीखंडाची वाटी पुढे केली. ईशा मात्र म्हणाली, "सर, ही थिंक्स यू आर गोइंग टू फायर हिम."

साहेबांनी बाजूला ठेवलेली रेकॉर्ड उचलली. ती ठणठणीत होती! प्लेअरवर लावली. शीळ, ट्रम्पेट आणि मग त्या बाईचा आवाज, जपानीत, पण रोमला सुट्टीवर गेल्यासारखा.

"यात कोणता दिग्दर्शक आठवतो?" साहेबांनी विचारलं.

"सगळेच, सर."

"तुम्ही एकही इटालियन सिनेमा पाहिलेला नाही."

"एकही नाही, सर."

साहेबांनी श्रीखंडाची वाटी संपवली. "तुमचं कॉन्ट्रॅक्ट मी मागच्या आठवड्यातच वाढवलं. वर्ल्ड कप संपेपर्यंत. ते डक्ट दुसऱ्या कोणाला कळत नाहीत." वृंदाने देवाकडे बघून हात जोडले. मी साहेबांकडे बघून. "पण कव्हरची भरपाई हवी," ते पुढे म्हणाले. "दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचं. सिनेमा बघायला."

तेव्हापासून दर गुरुवारी मी द पर्ल या बेटावरच्या साहेबांच्या फ्लॅटवर जुने इटालियन सिनेमे बघितले. सबटायटल्स जपानी! ईशाची दहावी झाली, वर्ल्ड कप सुरू झाला. सगळं जग विमानाचं तिकीट काढून दोहाला आलं आणि मी दोहात असून पडदे लावून बसलो होतो. त्यातल्याच एका गुरुवारी खाली मरीनावर, बोटींच्या धक्क्यापाशी, मोठ्या पडद्यासमोर माणसं मॅच बघत होती. एकाएकी अशी आरोळी उठली की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"सर, गोल झाला वाटतं!"

"श्श," साहेब म्हणाले. "आता ती वळून बघेल."

सिनेमातली ती बाई वळली नाही. सिनेमा संपेपर्यंत वळली नाही! मी विचारात बुडून घरी आलो. ईशाने दार उघडलं. तिच्या गालावर झेंडा रंगवलेला होता. तिने अधीर होऊन विचारलं, "बाबा, तुम्ही पर्लला होता ना? एंड कसला होता!"

"अगं, तेच कळत नाहीये," मी म्हणालो. "प्रेक्षकांवर सोडलाय."