हळू उघडायची वाइन

बाटली उघडण्याआधी ते तिच्या बुचावर टॉवेल टाकायचे. बूच निघतानाचा इवलासा आवाजही जिन्यात जाऊ नये म्हणून. "लाईझे, हेर डोक्टर, लाईझे," म्हणजे हळू, हळू, असं वर मलाच बजावायचे; जणू आवाज मीच करणार होतो.

साठचं दशक सरत आलं होतं. जर्मनीत आखनला मी पीएच.डी. करत होतो आणि हे पोर्तुगीज गृहस्थ माझ्या शेजारच्या खोलीत राहून काचेच्या कारखान्यात जात. स्वयंपाकघर दोघांत एक. भाषाही दोघांत एकच, मोडकीतोडकी जर्मन.

भित्री माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रस्त्यात कोणी पोर्तुगीज बोलताना ऐकू आलं की हे पलीकडच्या फुटपाथवर. मायदेशात हुकूमशाही, तिचे खबरे इथल्या कामगारांतही मिसळलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा मला म्हणाले, "तुमच्या लोकांनी आमचा गोवा घेतला," आणि स्वतःच दचकून दाराकडे पाहू लागले.

म्हणून त्यांच्या गावाकडची वाइन आणायला मी जायचो. स्टेशनमागे एका स्पॅनिश माणसाचं दुकान होतं. तिथे पोर्तुगीज गिऱ्हाईक येतं, म्हणून हे तिथे पाऊल ठेवत नसत. त्या वाइनला हिरवी वाइन म्हणतात, पण रंग लिंबाच्या सरबताचा. हिरवी म्हणजे कोवळी. जिभेला किंचित चुरचुरते. "वर्षाच्या आत प्यायची. ठेवली की मेली," ते सांगायचे.

तिच्याबरोबर काय खायचं, याबाबत मात्र गृहस्थ वाघ! ताटात सॉसेज दिसलं की बाटली उचलून बाजूला. तिला खारवलेला मासा हवा, लसूण हवी, वर ऑलिव्हचं तेल. सुका कॉड मासा ते शुक्रवारी भिजत घालायचे, पाणी बदलत राहायचे आणि रविवारी बटाट्यांबरोबर उकडायचे. एकदा मी आमच्या कोकणी पद्धतीने हेरिंग माशाला हळद-तिखट चोळलं आणि रव्यात घोळवून तळलं. त्यांनी एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि खदखदून हसले. लगेच स्वतःच्याच तोंडावर हात.

भीतीचं मूळ पुढे कळलं. गावी मुलगा होता. त्याला सैन्यात भरती करून आफ्रिकेतल्या लढाईवर धाडणार होते, आणि तो चोरवाटांनी डोंगर ओलांडून बापाकडे यायला निघाला होता. सापडला तर तुरुंग. बापाने घर सोडलं तेव्हा पोराचा आवाजही फुटला नव्हता. त्याचं नाव ते कधी उच्चारत नसत. नुसतं "तो" म्हणायचे. दर रविवारी कॉड तिघांपुरता असायचा. उरलेला मी खायचो आणि ते माझ्याकडे बघत बसायचे.

असेच एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. दार वाजलं. बाहेरून एका पुरुषाचा घोगरा आवाज पोर्तुगीजमध्ये यांचं नाव घेऊन काही विचारत होता. यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की त्यांची भीती माझ्याही अंगात उतरली. दाराला तोंड लावून ते जर्मनमध्ये म्हणाले, "इथे असा कोणी राहत नाही."

आवाजाने आणखी एकदा विचारलं. मग पावलं जिना उतरून गेली.

मी खिडकीशी गेलो. खांद्यावर बोचकं घेतलेला एक काटकुळा तरुण रस्त्याने चालला होता.

"पोरगेलासाच दिसतोय हो," मी म्हणालो.

ते पडद्याआडून पाहू लागले. पाहतच राहिले.

"ही त्याच्या आईची चाल," ते म्हणाले.

आणि सपातांनिशीच जिना उतरून धावले. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी जिवाच्या आकांताने हाक मारली, "आंतोनियो!" पोराचं नाव मला तेव्हा कळलं; मला आणि साऱ्या गल्लीला. समोरच्या खिडक्या उघडल्या.

पोरगा जागच्या जागी थबकला. लपतछपत इथवर आलेलं ते पोर. परक्या गावात कोणीतरी आपलं नाव घेऊन ओरडतंय, एवढंच त्याला कळलं. मागे वळूनही न पाहता ते पळत सुटलं. बाप ओरडत त्याच्या मागे.

कोपऱ्यावर दोघं दिसेनासे झाले. ते खोलीवर परत आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तुम्हीच सांगा, गाठलं असेल का त्यांनी त्याला? पन्नाशीचा माणूस, पायात घरातल्या सपाता, आणि पुढे जिवाच्या भीतीने पळणारं तरणं पोर.